उत्तर ध्रुवाकडे बायका असतात का?

अबोली_७९
मागच्या महिन्यात चिपळूणला मामेबहिणीच्या लग्नात पंगतीला बसले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तू ती बर्फात जातेस ना? तिथे बायका असतात का गं?" मी "असतात की" म्हटलं, तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आला आणि विषय तिथेच राहिला. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. काकूंना जे सांगायचं राहून गेलं ते इथे लिहिते.

माझं काम हिमनद्यांवर. दोन उन्हाळे स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवरल्या नी-ऑलेसुंड गावात काढले. ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथून छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचतो. हे एकेकाळी कोळशाच्या खाणीचं गाव होतं. ५ नोव्हेंबर १९६२ला खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली, आणि आता सगळं गाव संशोधनाचं आहे. आपलं 'हिमाद्री' केंद्र तिथे १ जुलै २००८ला सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. जेवण सगळ्या देशांच्या लोकांचं एकाच भोजनगृहात. दारात बूट काढायचे, ही खाणीच्या दिवसांतली सवय, कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून. मला पहिल्याच दिवशी माहेरी आल्यासारखं वाटलं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बंदूक चालवायला शिकवणारी बाई होती, भटारखान्यात बाई होती आणि शेजारच्या केंद्रावर हवामान मोजायला रोज फुगा सोडणारीही बाईच होती. माझं काम काठ्यांचं. वाफेवर चालणाऱ्या ड्रिलने हिमनदीत खोल भोक पाडायचं, त्यात काठी रोवायची आणि पुढच्या खेपेला ती किती उघडी पडली ते टेपने मोजायचं. जेवढी काठी वर, तेवढा बर्फ गेला. गॅसची टाकी, रबरी नळी, बंदूक, डबा सगळं पाठीवर. दुसऱ्या वर्षी मी स्वतः रोवलेली एक काठी आडवी पडलेली दिसली. भोकाच्या तळापर्यंतचा बर्फ वितळला होता. मी ती उचलली आणि जरा वेळ तशीच उभी राहिले.

पण बायका तिथे आत्ता आत्ता गेल्या असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. हाना रेसवॉल-होल्मसेन ही नॉर्वेची वनस्पतिशास्त्रज्ञ १९०७मध्ये मोनॅकोच्या राजाच्या मोहिमेबरोबर स्वालबार्डला गेली, पुढच्या वर्षी पुन्हा गेली. तंबू, शिधा आणि बंदूक घेऊन किनाऱ्यावर राहून तिने झाडं गोळा केली. झाडं म्हणजे काय, तिथला विलो बोटभर उंचीचा असतो, पायाखाली आला तरी कळत नाही. गुडघे टेकल्याशिवाय ते काम होतच नाही. १९२७मध्ये तिचं स्वालबार्डच्या वनस्पतींवरचं पुस्तक आलं.

आणि तिच्याही आधी हजारो वर्षं इनुइट, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या मूळ रहिवाशांच्या, बायका आहेतच. नॉर्वेचा ध्रुवीय प्रवासी अमुंडसेन १९०३ ते १९०५ कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक या इनुइट लोकांच्या शेजारी राहून कातड्याचे कपडे वापरायला शिकला. ते कपडे शिवले बायकांनी. नकाशावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या अंगावर काय होतं आणि ते कुणी शिवलं होतं, हे मला फार जवळचं वाटतं.

कुणाला आणखी माहिती असेल तर लिहा.

सुईधागा
अबोली, तू शिवणाचं नाव काढलंस आणि मला राहवेना. मुलाकडे कोपनहेगनला गेले होते तेव्हा तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचे कपडे पाहिले. बाकीची मंडळी पुढे गेली, मी काचेला नाक लावून तासभर तिथेच.

चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, म्हणून सांगते. सीलच्या कातड्याच्या बुटाची शिवण पाणी आत येऊ देत नाही. कशी? सुई कातड्याच्या आरपार जातच नाही. अर्ध्या जाडीतून आत शिरते आणि तिथूनच बाहेर येते. साडीच्या काठाला तुरपाई करताना आपण वरच्या कापडाचा एखाददुसराच धागा उचलतो ना, तसं. फक्त हे कातडं. दोरा म्हणजे जनावराची स्नायूची तात. पाणी लागलं की ती फुगते आणि सुईचं भोक बुजवते. कॅरिबू म्हणजे तिथलं हरीण, त्याच्या कातड्याचे दोन थर असतात, आतल्याचे केस अंगाकडे आणि बाहेरच्याचे बाहेर, मध्ये हवा. बाळाला पाठीवर ठेवायचा अंगरखा निराळाच, मागे एवढी मोठी झोळ की बाळ आईच्या उघड्या पाठीला लागून राहतं.

एक टाका सैल पडला तर बर्फावर गेलेल्या माणसाची बोटं जायची. इतकी जबाबदारी माझ्या एकाही टाक्यावर कधी नव्हती.

सह्यभटक
शिवणावरून अ‍ॅडा ब्लॅकजॅकची आठवण झाली. तिची हकिगत वाचल्यापासून मी दर ट्रेकच्या शेकोटीला ती सांगतो.

अ‍ॅडा अलास्काची, इनुपियाक, म्हणजे तिथल्या इनुइटांपैकी. जन्म १८९८. मिशनऱ्यांकडे वाढली, त्यामुळे लिहिणं-वाचणं, स्वयंपाक, शिवण यायचं, पण शिकार अजिबात नाही. अस्वलाची तर तिला भीतीच. नवरा नाही, मुलगा बेनेट क्षयाने आजारी, त्याच्या औषधाला पैसे नाहीत. १९२१मध्ये स्टेफानसन या ध्रुवीय प्रवाशाने सायबेरियाच्या उत्तरेच्या रॅंगल बेटावर चार तरुण पाठवले, त्यांना कातड्याचे कपडे शिवायला कुणीतरी हवं होतं. महिना ५० डॉलर. आणखीही इनुइट कुटुंबं बरोबर येणार असं ठरलं होतं, ऐन वेळी कुणीच आलं नाही. ही एकटी गेली.

शिधा सहा महिन्यांचा. पुढच्या उन्हाळ्यात येणारं जहाज बर्फामुळे पोचलंच नाही. जानेवारी १९२३मध्ये तिघे जण मदत आणायला सायबेरियाकडे गोठलेल्या समुद्रावरून निघाले. ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. मागे राहिले लॉर्न नाइट आणि अ‍ॅडा. नाइटला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा आजार, झालेला, उठता येत नव्हतं. ती सरपण आणायची, कोल्ह्यांना सापळे लावायची, त्याला भरवायची, आणि तो अंथरुणातून तिलाच बोल लावायचा. जूनमध्ये तो गेला. त्यानंतर बेटावर ती आणि व्हिक नावाची मांजर.

मग ती बंदूक शिकली. सील मारले. अस्वल लांबून दिसावं म्हणून उंच माचाण बांधलं. स्वतःच्या हाताने होडी केली. तिथे राहिलेल्या टंकलेखन यंत्रावर आपली नोंद लिहून ठेवली. २० ऑगस्ट १९२३ला जहाज आलं तेव्हा ती जिवंत होती, मांजरही जिवंत होती. मिळालेल्या पैशातून तिने बेनेटवर सिअॅटलला उपचार केले. १९८३पर्यंत जगली. तिच्या हकिगतीवर पैसे दुसऱ्यांनी कमावले, हे वाचून आजही जीव तुटतो.

लेकीचीआई
सगळं वाचलं. अ‍ॅडाचं वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगते.

माझी मुलगी पीएचडी करते आहे, तिची येत्या जुलैत नी-ऑलेसुंडला तीन आठवड्यांसाठी निवड झाली आहे. ती आनंदात आहे, मीही आहे. पण तिला विचारलं की "आई, सगळं असतं गं तिथे" एवढंच उत्तर मिळतं. अबोलीताई, तुम्ही जाऊन आला आहात म्हणून विचारते. दिवसभर बर्फावर असताना बाथरूमला कुठे जायचं? पाळी आली तर? रोज फोन करता येतो का? अस्वलं गावात येतात का? प्रश्न बावळट वाटले तर सोडून द्या.

अबोली_७९
काकू, एकही प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. हेच प्रश्न मी जायच्या आधी कुणाला विचारू म्हणून तळमळत होते.

फोनचं आधी सांगते, नाहीतर पहिल्याच दिवशी काळजीत पडाल. गावाजवळ अवकाशातल्या अगदी क्षीण रेडिओ लहरी पकडणाऱ्या मोठ्या दुर्बिणी आहेत, त्यांना अडथळा नको म्हणून तिथे वाय-फाय आणि ब्लूटूथला बंदी आहे. मोबाइल फ्लाइट मोडवर. केंद्रात तारेचं इंटरनेट असतं, लॅपटॉपवरून संध्याकाळी बोलता येईल. दिवसभर उत्तर आलं नाही तर ती कामावर आहे असं समजा.

अस्वलं येऊ शकतात. म्हणून गावाबाहेर बंदुकीशिवाय आणि एकट्याने जायचं नाही, आणि गावातल्या इमारतींना कुलूप लावत नाहीत, कुणालाही धावत आत शिरता यावं म्हणून. मला जास्त त्रास पक्ष्यांनी दिला. आर्क्टिक सुरय जूनजुलैत वाटेच्या कडेला अंडी घालतात आणि डोक्यावर चोच मारतात. डोक्याच्या वर काठी धरून चालायला सांगा, ते सगळ्यात उंच टोकावर मारतात.

आता बाथरूमचं. गावात काहीच अडचण नाही, गरम पाण्यासकट सगळं आहे. प्रश्न हिमनदीवरच्या सात-आठ तासांचा. तिथे आडोसा नसतो, झाड नाही, दगडही लांब. सगळ्यांना सांगून मागे जायचं आणि बाकीच्यांनी पाठ करायची, हे सुरुवातीला अवघड जातं. लाजेपोटी मुली पाणी प्यायचंच थांबवतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसले. थंडीत शरीरातलं पाणी कमी झालं की हातपाय लवकर गार पडतात. तिला सांगा, पाणी प्यायचंच.

बायकांसाठी नरसाळ्यासारखं रबरी साधन मिळतं, ते घरीच न्हाणीघरात दहा वेळा वापरून बघू दे. पाळीचं सामान दुहेरी पिशवीत, ओले रुमाल अंगाजवळच्या आतल्या खिशात, बाहेर ठेवले तर दगड होतात. वापरलेलं सगळं परत आणायचं. आणि पँट. कंबरेपासून सगळं खाली करावं लागणारी पँट वाऱ्यात घालू नये. आसनातून पुढून मागे पूर्ण उघडणारी चेन असलेली मिळाली तर सोनं.

पिंपळपान
लेख छान आहे, माहितीपूर्ण आहे. पण मनापासून विचारतो, विज्ञानात हे बाई-पुरुष वेगळं का काढायचं? थर्मामीटरला कोण वाचतंय त्याने तापमान बदलत नाही. थंडी सगळ्यांना सारखीच.

दर्यावर्दी
पिंपळपान, थंडी सारखी असते, सूट सारखा नसतो.

मी समुद्रशास्त्रात आहे, एका संशोधन जहाजावरून नॉर्वेच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात जाऊन आले. जहाजाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. जहाज सोडायची वेळ आली तर घालायचा तरंगता सूट असतो, तो दोन मिनिटांत अंगावर चढवायचा सराव पहिल्या दिवशी होतो. माझी उंची पाच फूट एक इंच. माझ्या नावाने ठेवलेला सूट सहाफुटी माणसाचा. मी आत उभी राहिले तर टाचा गुडघ्याच्या जागी आणि मानेच्या पट्टीतून दोन मुठी आत जात होत्या. त्या सुटाचं सगळं काम मान आणि मनगट घट्ट बसण्यावर चालतं. तिथून गार पाणी आत गेलं की सूट असून नसल्यासारखा. मी सांगितलं तर "दोरीने बांध" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या बंदरावर लहान मापाचा सूट आला, तोही जहाजावरच्या एका वयस्क खलाशाने माझ्यासाठी आवाज उठवला म्हणून. हातमोज्यांचं तेच. बोटाच्या टोकाला इंचभर रिकामं कापड असेल तर नमुन्याच्या बाटलीचं झाकण कसं फिरवणार? मग मोजे काढायचे, आणि मग बोटं बधिर.

आणि कपडे हा फक्त मापाचा विषय राहत नाही. २०१९मध्ये पोलारश्टेर्न हे जर्मन संशोधन जहाज मुद्दाम बर्फात अडकवून वर्षभर वाहत न्यायची मोठी मोहीम निघाली, तेव्हा तिच्या सोबतच्या जहाजावर तंग कपडे घालायचे नाहीत अशी ताकीद दिली गेली. पुढच्या वर्षी बातमी आली आणि बराच वाद झाला. नियम सगळ्यांना सारखाच असल्याचं सांगितलं गेलं. पण अशी ताकीद कानावर पडली की बाईला आपण कामाला आलोय की कुणाच्या नजरेला त्रास द्यायला, असं वाटतं. मला ते वाचूनच वाटलं.

पिंपळपान
दोरीने बांध हे उत्तर वाचून राग आला. मुद्दा पोचला. माझं वाक्य मी मागे घेतो.

त्रोम्सोकर
नमस्कार. मूळ सांगलीची, अकरा वर्षं उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोत. आमच्या गावच्या वानी वोल्स्टाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

वानी त्रोम्सोची पहिली टॅक्सी चालवणारी बाई. शिकारी लोक गाडीत बसून स्वालबार्डच्या गप्पा मारायचे. ऐकता ऐकता तिने ठरवलं आणि १९३२मध्ये एका शिकाऱ्याबरोबर स्वालबार्डमधल्या हॉर्नसुंडला गेली. पाच हिवाळे तिथे काढले. शिकारीवर पोट भरणारी स्वालबार्डची पहिली बाई ती. पुढे मुलांनाही घेऊन गेली. तिने ७७ अस्वलं मारली असं म्हणतात. आज हे वाचवत नाही, १९७३पासून तिथे अस्वलाला संरक्षण आहे, पण तेव्हा तो धंदा होता.

त्याच सुमाराला, १९३४मध्ये, क्रिस्टियाने रिटर ही ऑस्ट्रियाची चित्रकार नवऱ्याकडे स्वालबार्डमधल्या ग्रोहुकेनच्या खोपटात वर्षभर राहायला गेली. लोक तिच्या अंधारातल्या शांततेबद्दलच बोलतात. मला तिच्या हकिगतीत काजळी आठवते. धूर मारणारा स्टोव्ह आणि तो सारखा साफ करणारी ती.

अंधाराचं सांगते. त्रोम्सोत नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, तरी दुपारी निळसर उजेड असतो. नी-ऑलेसुंडला ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य नाही, आणि मधले दोन-अडीच महिने दुपारीसुद्धा काळोख. पहिल्या वर्षी मला संध्याकाळी चारला झोप यायची आणि रात्री तीनला टक्क जाग. इथल्या शेजारणीने कॉड माशाच्या तेलाची बाटली आणून दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या : रोज एक चमचा, आणि रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर. सूर्य परत येतो त्या दिवशी सगळं गाव गोड बन खातं. आता मीही घरी करते, वेलची जरा जास्त घालून.

बाळंतपणाचंही कुणी विचारेल म्हणून सांगते. लाँगइयरब्येनच्या छोट्या इस्पितळात बाळंतपण करत नाहीत. तारखेच्या साधारण तीन आठवडे आधी बाई मुख्य भूमीवर येते, पुष्कळदा आमच्या त्रोम्सोत. एकीला मी त्या दिवसांत डबा देत होते. नवरा तिकडे, आई ओस्लोजवळ, आणि ही खिडकीशी बसून बाळाचे मोजे विणत. तिथे "मरायला बंदी आहे" असं जे फिरतं ते मात्र खरं नाही. जमीन कायमची गोठलेली आहे म्हणून शवपेटी पुरत नाहीत, एवढंच.

जुनापुणेकर
यात अदिती पंत यांचं नाव यायलाच हवं. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. पुण्यातून, पुढे गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या.

अबोली_७९
जुनापुणेकर, त्यांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. ती मोहीम दक्षिणेकडची, अंटार्क्टिकाची. पण माझ्यासारख्या मुलींच्या घरी "बाई जाऊ शकते" हे त्यांच्यामुळे आधीच माहीत होतं, हा धागा तिथूनच निघतो.

दोन ध्रुवांत एक मोठा फरक आहे, तो मुद्दाम लिहिते. अंटार्क्टिकात कुणाचंच गाव नव्हतं. आर्क्टिकमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवती, आज सुमारे ४० लाख माणसं राहतात. तिथे वितळतं ते कुणाच्या तरी अंगणातलं असतं. कॅनडाच्या शीला वॉट-क्लूटिए या इनुइट बाईंनी २००५मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे अर्ज केला : हवामान बदलून आमचा बर्फ जातोय, तो आमचा रस्ता आहे, आमचं अन्न आहे, म्हणून हा आमच्या हक्कांचा भंग आहे. आयोगाने अर्ज पुढे नेला नाही, पण नंतर त्यांना बोलावून म्हणणं ऐकून घेतलं. मी काठीवर सेंटिमीटर मोजते, त्या बाईंनी त्याच सेंटिमीटरांचा अर्थ सांगितला.

आणखी एक नाव. अर्नारुलुंगुआक. ग्रीनलंडची. रासमुसेन या ध्रुवीय प्रवाशाच्या मोहिमेत नवऱ्याबरोबर निघाली, नवरा सुरुवातीलाच वारला, तरी ही मागे फिरली नाही. १९२३-२४मध्ये कुत्र्यांच्या घसरगाडीने हडसन उपसागराकडून अलास्कापर्यंत गेली. कामाला घेतलं होतं शिवायला आणि रांधायला.

सुईधागा
परत शिवायलाच!

त्रोम्सोकर
आणि अलीकडचं. २०१९मध्ये हिल्डे फोलुन स्त्रोम आणि सुनिवा सोर्बी या दोघी स्वालबार्डमधल्या बाम्सेबू नावाच्या १९३०मधल्या खोपटात राहायला गेल्या. वीज नाही, नळ नाही, सोबत एक कुत्री. पुरुषांशिवाय तिथे हिवाळा काढणाऱ्या त्या पहिल्या. ढगांच्या नोंदी, समुद्राच्या पाण्याचे नमुने असं शास्त्रज्ञांसाठी गोळा करत राहिल्या. परतायच्या वेळी करोना आला आणि मुक्काम लांबला.

लेकीचीआई
दोन आठवड्यांनी लिहिते आहे. दुकानात तशी पँट मिळाली नाही, एक मिळाली ती पुरुषी मापाची. शेवटी लेकीची जुनी ट्रेकची पँट उसवली. आसनाची शिवण पुढून मागे सगळी काढली आणि लांब प्लॅस्टिकची चेन लावली, दोन्ही बाजूंनी उघडेल असे दोन रनर. आत चार बोटं रुंदीची पट्टी दिली, अंगाला लागू नये म्हणून. दोनदा शिवण मारली. मशीन जाड कापडावर अडकलं तिथे हाताने टाके घातले. लेकीला जाड हातमोजे घालायला लावून उघड-बंद करून बघितलं, रनर बोटात येत नाही.

सुईधागा
पट्टी दिलीत ते उत्तम. चेनच्या दातांवरून मेणबत्ती फिरवा, सरळ जाईल. आणि चेन संपते तिथे दोन्ही टोकांना आडवे टाके घाला, खाली बसताना सगळा ताण तिथेच येतो.

अबोली_७९
काकू, दोन्ही रनरना जाड नाडीचा फास बांधा, एक अख्खं बोट आत जाईल एवढा. पुढचा लाल, मागचा पिवळा, म्हणजे चाचपडायला लागणार नाही. आतल्या थर्मललाही तशीच फट लागेल, ती विसरू नका. आणि जमलं तर मापं इथे टाका. दर्यावर्दीला आणि मला एकेक शिवून घ्यायची आहे.